रहस्यकथेत तोतयाची जीभ नेमकी कुठं घसरावी?

रेवती_लिहिते

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात यंदा मी रहस्यकथा देते असं जूनच्या मीटिंगमध्ये बोलून बसले. शब्दमर्यादा 3000, मुदत गणपतीपर्यंत. आता निस्तरतेय.

कथा थोडक्यात अशी. सदाशिव पेठेत एकटे राहणारे एक म्हातारे गृहस्थ वारतात. पंधरा दिवसांनी एक माणूस उगवतो, 'मी त्यांचा पुतण्या, लहानपणापासून कोल्हापुरात वाढलो, कॉलेजात मराठी शिकवतो' म्हणतो. वाडा त्याच्या नावावर व्हायच्या बेतात असतो. शेजारी राहणाऱ्या, शाळेतून निवृत्त झालेल्या मराठीच्या बाई (वय 67, गुडघेदुखी, चष्मा दोरीला बांधलेला) त्याला पकडतात. कसं? तर तो बोलण्याच्या भरात 'आनि', 'पानी', 'कोन' म्हणतो. मराठीचा प्राध्यापक असं बोलेल का, म्हणून तो तोतया.

नवऱ्याला वाचायला दिली. तो म्हणाला, "एवढंच? मग माझं अर्धं ऑफिस तोतया आहे."

राग आला, पण त्याचं बरोबर असावं. तर मला सांगा, मराठीत अशी कुठली चूक आहे की वाचणारा कपाळावर हात मारेल? आणि नुसत्या बोलण्या-लिहिण्यावरून कुणी पकडलं गेल्याचे खरे किस्से असतील तर तेही द्या.

---

चिंच_बोरं

बिरबलाची गोष्ट आहे ना! दरबारात एक पंडित येतो, दहा भाषा अस्खलित बोलतो, माझी मातृभाषा ओळखा म्हणतो. कुणालाच जमत नाही. रात्री तो गाढ झोपलेला असताना बिरबल त्याच्या अंगावर गार पाणी ओततो. तो दचकून ज्या भाषेत ओरडतो ती त्याची मातृभाषा. बंगालकडे हीच गोष्ट गोपाळ भांडाच्या नावावर सांगतात.

तुमच्या बाईंना म्हणावं, कळशी घेऊन जा.

---

सविता_रंकाळा

मी कोल्हापूरची. एम.ए. मराठी, बी.एड., सत्तावीस वर्षं हायस्कूलला शिकवलं. माझे स्वतःचे सर 'पानी' म्हणायचे आणि त्यांच्याएवढा ज्ञानेश्वरी समजावून सांगणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. 'न' आणि 'ण' वरून माणूस खोटा ठरवायचा असेल तर कथा छापू नका, असं स्पष्ट सांगते. ती बोली आहे, चूक नाही. तो पुतण्या खरोखर कोल्हापुरात वाढला असेल तर उलट फार पुणेरी बोलला तरच मला संशय येईल.

खरं तर तोतया पुतण्याऐवजी पुतणी करा. आमच्याकडच्या बायका 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. पुण्याला बदली झाली तेव्हा स्टाफरूममध्ये मी 'आले', 'जाते' करायला लागले, पण भावाचा फोन आला की लगेच 'जेवलो की रे!' शेजारची बाई बघतच राहायची. तेव्हा कोल्हापूरची म्हणवणारी बाई चारचौघांत 'आले' म्हणते यात काही नाही. पण पायाखालून उंदीर पळाल्यावरही ती 'मेले गं बाई' म्हणाली, तर वर चिंच_बोरं म्हणतात ती कळशी तिथं लागू पडेल.

---

अनिकेत_77

'पुणेला', 'ठाणेला', 'साताराला' म्हणणारा माणूस मराठी नाही हे दोन सेकंदांत कळतं. मराठी माणूस 'पुण्याला', 'साताऱ्याला' म्हणतो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही. हे घ्या की.

---

सविता_रंकाळा

अनिकेत, माझी नात बाणेरला राहते, घरात सगळे मराठी. ती 'पुणेला' म्हणते. इंग्रजी शाळा. तिलाही आत टाकू का?

---

माजी_रायटर

रेवतीताई, मी पोलीस खात्यात 34 वर्षं काढली, त्यातली 19 रायटर म्हणून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पोलीस ठाण्यात फिर्याद, जबाब, पंचनामे लिहिणारा जो हवालदार असतो तो रायटर. साहेब तपास करतात, कागद आम्ही करतो. ठाण्याचं नाव सांगत नाही, ऊसपट्ट्यातलं होतं एवढं पुरे.

एक सांगतो. 2004 सालची गोष्ट. एका किराणा दुकानदाराच्या दारात सकाळी चिठ्ठी पडलेली. हिंदीत. मला ती आजही पाठ आहे:

"तुमारा लडका हमारी नजर मे है. ढाई लाख रुपया काळी थैली मे भरके सोमवार रात को पाणी की टाकी के पिछे रखना. पुलिस को बोला तो लडका नही मिलेगा."

गावाबाहेर गुऱ्हाळावर उत्तर प्रदेशातली चार पोरं कामाला. बस्ती-गोरखपूरकडची. दुपारपर्यंत गावानं त्यांना गुन्हेगार ठरवूनही टाकलं होतं, आम्ही जीप घेऊन गेलो तेव्हा दोघं मार खाऊन बसलेले. खोटं कशाला बोलू, मलाही तेच वाटलं. चिठ्ठी मी तीन वेळा वाचली आणि तिन्ही वेळा मला त्यात भय्याच दिसला.

आमचे त्या वेळचे साहेब विदर्भातले, बोलायला कमी. त्यांनी चिठ्ठी उजेडात धरली आणि मला विचारलं, "याला ळ कुठून आला?"

मला कळेना. ते म्हणाले, "हिंदीच्या बाराखडीत ळ नाही. हा 'काळी' लिहितो. 'पाणी'ला बाणातला ण लावतो. टंकीची टाकी करतो. 'मे' आणि 'नही'वर टिंब नाही, 'लडका'च्या ड खाली टिंब नाही. हिंदी शाळेत गेलेल्या पोराचं बाकी काहीही चुकेल, पण 'काली'चं 'काळी' तो करणार नाही."

आता गंमत बघा. ज्यानं कुणी लिहिली त्यानं डोकं बरंच चालवलं होतं. अडीचचे ढाई केले. पिशवीची थैली केली. पोरगा खोडून लडका, अगदी पोलीसचं पुलिससुद्धा आठवणीनं केलं. जे शब्द ठळक दिसतात ते सगळे बदलले. राहिली ती अक्षरं. ळ काढताना हाताला कळतच नाही आपण मराठी लिहितोय ते.

साहेबांनी गुऱ्हाळावरच्या पोरांना कागद दिले. एक निव्वळ अंगठेबहाद्दर. बाकी तिघांनी साहेब सांगतील ते लिहिलं, आणि तिघांच्याही कागदावर 'काली', 'पानी', 'टंकी'. मग गावातल्या लिहित्या माणसांचे कागद बघायला सुरुवात केली, म्हणजे दूध डेअरीचं रजिस्टर, सोसायटीचे अर्ज, ग्रामपंचायतीच्या सह्या. चौथ्या दिवशी दुकानदाराचा सख्खा पुतण्याच निघाला. कर्ज झालं होतं. वळणाचा ळ त्यानं डेअरीच्या वहीत शेकड्यांनी लिहिला होता, 'संध्याकाळ' म्हणून.

पण एक ध्यानात ठेवा ताई, कथा लिहिणारे नेहमी इथंच चुकतात. ळ वरून आम्हाला दिशा मिळाली. शिक्षा ळ वर होत नाही. पुढं हस्ताक्षर तज्ज्ञाकडे गेलं, वहीचं पान मिळालं, टाकीमागं तो दोनदा चक्कर मारताना दिसलेला साक्षीदार मिळाला, तेव्हा केस उभी राहिली. आणि आरोपी आमच्यापुढं कबूल झाला, ते तर कोर्टात चालतच नाही. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम 25 होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं 23. तेव्हा तुमच्या बाईंनी चूक पकडल्यावर तोतयाला सगळ्यांसमोर ढसाढसा रडवून कबूल करायला लावू नका.

---

लेकफ्रंट_मावशी

रायटरकाका, तुमची चिठ्ठी वाचून अंगावर काटा आला, कारण अगदी अशीच चिठ्ठी इकडे प्रसिद्ध आहे. मी गेली 22 वर्षं अमेरिकेत क्लीव्हलँडला राहते, ओहायोत.

रॉजर शाय नावाचे भाषाशास्त्रज्ञ आहेत. पोलिसांनी त्यांना खंडणीची एक चिठ्ठी दाखवली. मुलगी पळवलेली, दहा हजार डॉलर डायपरच्या बॅगेत घालून अमुक कोपऱ्यावरच्या हिरव्या कचऱ्याच्या डब्यात ठेव, पोलीस आणू नकोस. चिठ्ठीत 'कॉप्स' हा शब्द सी ऐवजी के नं लिहिलेला, 'कॅन'सुद्धा के नं, 'डॉटर'चं स्पेलिंग पार वाकडं. म्हणजे लिहिणारा अडाणी. पण त्याच चिठ्ठीत 'प्रेशस' बरोबर, 'डायपर' बरोबर, 'वॉचिंग' बरोबर आणि विरामचिन्हं जागच्या जागी. ज्याला प्रेशस लिहिता येतं त्याला कॅन येत नाही? म्हणजे हा शिकलेला माणूस अडाण्याचं सोंग करतोय.

आणि दुसरं म्हणजे डबा कुठं ठेवलाय, तर 'डेव्हिल स्ट्रिप'वर. पदपथ आणि रस्ता यांच्यामध्ये गवताची जी पट्टी असते तिला अ‍ॅक्रन गावात हे नाव आहे. अ‍ॅक्रन आमच्यापासून गाडीनं तासभरसुद्धा नाही, पण आमच्या क्लीव्हलँडला त्याच पट्टीला 'ट्री लॉन' म्हणतात! पहिल्यांदा शेजारणीनं 'तुझा कचऱ्याचा डबा ट्री लॉनवर ठेव' म्हटलं तेव्हा मी झाड शोधत बसले होते. शाय यांनी पोलिसांना विचारलं, तुमच्या संशयितांत अ‍ॅक्रनचा, शिकलेला असा कुणी आहे का? होता. एकच. त्यानं कबूल केलं.

आपल्याकडे 'पाणंद' तसा शब्द आहे. कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला शेतातल्या त्या अरुंद वाटेला दुसरं काही म्हणता येतं हेच माहीत नसतं. माझे सासरे गेल्यावर मला हा शब्द ऐकायलाच मिळाला नाही, आत्ता लिहिताना आठवला.

---

बॅकबेंचर

हल्लीच्या काळातली कथा असेल तर मेसेज घ्या. इंग्लंडमध्ये यॉर्कशरला 2005 साली एक 19 वर्षांची मुलगी बेपत्ता झाली. त्यानंतर काही दिवस तिच्या फोनवरून 'मी बरी आहे, शोधू नका' छापाचे मेसेज येत राहिले. ती स्वतः कायम 'माय', 'मायसेल्फ' लिहायची. नंतरच्या मेसेजमध्ये तिकडच्या बोलीतलं 'मी', 'मीसेल्फ' आलं. तसं लिहिणारा दुसराच माणूस होता. 2008 मध्ये त्याला जन्मठेप झाली, मृतदेह न सापडता.

मराठीत तर हे आणखी सोपं. रोमन लिपीत 'आहे' लिहिताना कुणी सुरुवातीला एक ए घालतं, कुणी दोन. आमची आई 'नाही'चं शेवटचं आय खाते, बाबा दोन ई लावतात. कुणी आईच्या फोनवरून मला मेसेज केला तर पहिल्या 'नाही'ला मी फोन करेन.

---

रेवती_लिहिते

बापरे. मी चहा टाकून आले तोवर एवढं! सविताताई, चूक मान्य. 'आनि-पानी' कथेतून काढलं. मला ते लिहिताना खटकलंसुद्धा नाही याचं जास्त वाईट वाटतंय.

रायटरकाका, एक विचारू? तुम्ही म्हणता ठळक शब्द माणूस बदलतो, बारीक राहतात. मग तुम्ही इतके जबाब लिहिलेत, त्यात खोटं बोलणारा कळायचा का?

---

माजी_रायटर

ताई, नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. नाही कळायचा, कारण जबाबात तो माणूस उरायचाच नाही. उरायचो मी.

कुठल्याही ठाण्यातला कुठलाही जबाब काढा. "मी समक्ष विचारले वरून सांगतो की, मी वरील ठिकाणी माझे कुटुंबासह राहणेस असून मोलमजुरी करून माझे कुटुंबाचा उदरनिर्वाह करतो." हमाल असो, डॉक्टर असो, पहिलं वाक्य हेच. पुढं 'सदर इसमाने', 'हुज्जत घातली', 'शिवीगाळ दमदाटी करून लाथाबुक्क्यांनी मारहाण केली'. शेवटी 'माझा जबाब माझे सांगणेप्रमाणे लिहिला असून तो मला वाचून दाखविला, तो बरोबर व खरा आहे'. सांगणेप्रमाणे! एक म्हातारी आली होती, म्हशीवरून भांडण. ती म्हणाली, "त्यानं माझ्या म्हशीला दांडकं घातलं आणि मला म्हणाला थेरडे मर." मी लिहिलं, सदर इसमाने माझे मालकीचे म्हैस या जनावरास लाकडी दांडक्याने मारून माझेशी हुज्जत घातली.

दीड वर्षानं केस बोर्डावर आली. समोरचे वकील तरुण, हुशार. म्हणाले, "आजी, हुज्जत म्हणजे काय?"

आजी म्हणाली, "काय की बाबा. आमच्यात नाही करत."

सगळं कोर्ट हसलं. जज्जसाहेबसुद्धा. मी मागच्या बाकावर होतो, मीही हसलो. वकिलांनी मग शांतपणे विचारलं, मग ही फिर्याद तुमची की पोलिसांची? केस तिथंच बसली. म्हैस खरी होती, दांडकं खरं होतं, म्हातारीच्या हातावरचा वळ मी स्वतः पाहिला होता. आरोपी सुटला तो माझ्या मराठीमुळं.

हे मी विसरलो होतो. रिटायर झाल्यावर धाकट्या मुलीनं, ती कॉलेजात इंग्रजी शिकवते, मला बेंटलीची गोष्ट सांगितली आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

लंडनजवळ क्रॉयडन म्हणून आहे. 2 नोव्हेंबर 1952 च्या रात्री एका गोदामाच्या छपरावर दोन पोरं चोरी करायला चढली. क्रिस्टोफर क्रेग, वय 16, त्याच्याकडे पिस्तूल. डेरेक बेंटली, वय 19, डोक्यानं मंद, लिहिता-वाचता येत नव्हतं म्हटलं तरी चालेल. पोलीस आले. बेंटली आधीच पकडला गेला. त्यानंतर काही वेळानं क्रेगच्या गोळीनं सिडनी माइल्स हा शिपाई मेला. क्रेग लहान म्हणून त्याला फाशी देता येईना. बेंटलीला दिली, 28 जानेवारी 1953 ला. पोलिसांचं म्हणणं, तो छपरावर ओरडला होता: 'लेट हिम हॅव इट, क्रिस.' याचा अर्थ पिस्तूल देऊन टाक असाही होतो आणि हाण त्याला असाही. आपल्याकडे 'दे त्याला' म्हटलं तर दोन्ही होतं तसंच. ते शब्द कुणी उच्चारलेच नाहीत असं दोन्ही पोरं शेवटपर्यंत म्हणत होती.

पण मला त्याहून लागला तो त्याचा जबाब. पोलिसांनी शपथेवर सांगितलं, आम्ही एकही प्रश्न विचारला नाही, तो बोलत गेला आणि आम्ही लिहीत गेलो. पुढं कित्येक वर्षांनी माल्कम कूल्टहार्ड नावाच्या भाषेच्या प्राध्यापकांनी तो जबाब मोजायला घेतला. 582 शब्द. त्यात 'देन', म्हणजे 'मग', दहा वेळा. आणि ते कसं, तर काही ठिकाणी 'आय देन'. साधा इंग्रज बोलताना 'देन आय' म्हणतो. 'आय देन' कोण म्हणतं, तर जबाब लिहिणारा पोलीस.

मी मुलीला म्हटलं थांब. कारण मी ते मराठीत ऐकलं. म्हातारी म्हणते, "मग मी गेले." मी लिहितो, "मी त्यानंतर सदर ठिकाणी गेले." उभ्या आयुष्यात 'मग मी' असं एकाही कागदावर मी लिहिलेलं नाही. आणि येणारा प्रत्येक माणूस 'मग मी', 'मग मी' असंच बोलत होता.

त्या जबाबात 'मला माहीत नव्हतं की तो पिस्तूल वापरेल' अशी नकाराची वाक्यंही आहेत. कुणी विचारल्याशिवाय माणूस आपणहून 'मला हे माहीत नव्हतं, मी ते पाहिलं नाही' असं सांगत बसत नाही. म्हणजे प्रश्न विचारले होते, फक्त लिहिले नव्हते. आम्हीही प्रश्न लिहीत नाही.

30 जुलै 1998 ला तिकडच्या कोर्टानं बेंटलीची शिक्षा रद्द केली. मुख्य कारण, मूळ खटल्यात न्यायाधीशांनी ज्यूरीला चुकीची दिशा दिली, हे. भाषेचा मुद्दा अपिलात मांडला होता. पोरगा जाऊन 45 वर्षं झाली होती.

माझ्या जबाबांवर कुणी फासावर गेलं नाही. पण ताई, तुम्ही विचारलंत संशयिताची भाषा कशी पकडायची, तर मला आधी हे सांगावंसं वाटलं की तिकडं खोटं संशयितानं लिहिलं नव्हतं.

---

पोथीवाचक

रायटर, सलाम.

याला जोडून एक. बोलण्यावरून माणूस खोटा ठरवण्याचा सगळ्यात मोठा प्रयोग फाळणीपूर्वी आपल्याच देशात झाला आणि तो फसला. भवालचा खटला. ढाक्याजवळच्या भवाल जमीनदारीचे मधले कुमार रमेंद्रनारायण राय 1909 च्या मे महिन्यात दार्जिलिंगला वारले, असं जाहीर झालं. 1921 मध्ये ढाक्याला बकलंड बंधाऱ्यावर अंगाला राख फासलेला एक संन्यासी येऊन बसला. लोक म्हणू लागले, कुमारच. बहिणीनं ओळखलं. बायको शेवटपर्यंत नाही म्हणाली. आणि हा संन्यासी बोलतो कसा, तर हिंदीत! बंगाली बोलला तरी हिंदी वळणाचं.

विरुद्ध पक्षानं यावरच भर दिला. हा पंजाबातला शेतकरी आहे, बंगाली पढवलेली आहे. उलटतपासात त्याला क्रिकेट, टेनिस, बिलियर्ड्सचे इंग्रजी शब्द विचारले, जमीनदाराच्या पोराला यायलाच हवेत म्हणून. त्याची फजिती झाली. पण दुसऱ्या बाजूनं दाखवून दिलं की खरा कुमारही शिकारी, तबेल्यात रमणारा आणि अभ्यासाच्या नावानं पूज्य होता. त्याला तरी कुठं आले असते? बारा वर्षं साधूंबरोबर हिंदीत काढल्यावर जीभ वळते, हेही पटवलं.

दोन्हीकडून मिळून दीड हजारावर साक्षीदार. 24 ऑगस्ट 1936 ला न्यायाधीश पन्नालाल बसूंनी निकाल दिला: हाच कुमार. हायकोर्टानं 1940 मध्ये तोच ठेवला, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे त्या काळच्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, 30 जुलै 1946 ला. त्यानंतर दोन-तीन दिवसांत कुमार वारले.

रेवती, तुमच्या बाई भवालात असत्या तर पहिल्याच दिवशी संन्याशाला हाकलून मोकळ्या झाल्या असत्या. असंही एखादं वळण कथेत टाका.

---

सविता_रंकाळा

रेवती, काल रात्रभर तुमच्या त्या वाड्याचा विचार करत होतो. (हो, 'होतो'च.) मला एक सुचलंय.

मराठीत 'आम्ही' वेगळं आणि 'आपण' वेगळं. ज्याच्याशी बोलतो तो त्यात असेल तर 'आपण', नसेल तर 'आम्ही'. हिंदीत दोन्हीला 'हम', इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. आपल्या लहान पोरालाही हे कधी शिकवावं लागत नाही आणि परभाषकाचं हेच वर्षानुवर्षं चुकतं. आता तुमचा पुतण्या अस्सल मराठी असू दे, बोली कुठलीही असू दे, त्याची चूक व्हायलाच नको. उलट त्याचं मराठी बरोबर असल्यामुळंच तो सापडला पाहिजे.

समजा वाड्यात एक भाडेकरू आहे. पुतण्या आणि भाडेकरू, दोघंही सांगतात की म्हातारे गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा भेटलो. सगळे अंगणात बसलेत. म्हातारे गेले त्या रात्रीचा विषय निघतो, दिवा चालू होता की बंद. भाडेकरू म्हणतो बंद होता. पुतण्या बोलण्याच्या भरात त्याच्याकडे वळून म्हणतो, "नाही हो, आपण जिना उतरलो तेव्हा चालू होता."

'आम्ही उतरलो' म्हणाला असता तर बायकोबरोबर आलो होतो म्हणून सुटला असता. 'आपण' म्हणाला. म्हणजे समोरचा भाडेकरू त्या जिन्यावर होता.

---

अनिकेत_77

भारी! पण 'आपण' म्हणजे आदरार्थी 'तुम्ही'सुद्धा होतं ना? तो म्हणेल मी मानानं बोललो.

---

सविता_रंकाळा

मग 'आपण उतरलात' म्हणावं लागेल. क्रियापद त्याला सोडत नाही. मराठीच्या बाई आहेत ना त्या, तेवढं व्याकरण त्यांना झोपेत येतं.

---

रेवती_लिहिते

सविताताई!!! मी स्वयंपाकघरातून ओरडले, नवरा धावत आला. त्याला वाचून दाखवलं. तो दोन मिनिटं गप्प होता आणि मग म्हणाला, "हां, आता झालं." त्याच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

शेवट असा करते: बाई लगेच काही बोलत नाहीत. दुसऱ्या दिवशी फौजदार सगळ्यांचे जबाब घेतात, बाई ते मागवून वाचतात, त्यात पुतण्याच्या जबाबात 'आपण' दिसतं आणि बाई त्यावर बोट ठेवतात.

---

माजी_रायटर

ताई, हे नाही चालायचं. पहिलं म्हणजे शेजारच्या बाईंना जबाब कोण वाचायला देईल? आणि दिले, तरी त्यात 'आपण' सापडणार नाही. पुतण्या काहीही बोलू दे, लिहिणारा हवालदार सवयीनं 'आम्ही जिन्याने खाली उतरलो' असंच लिहिणार. मी तरी तेच लिहिलं असतं, आणि तुमचा सगळा पुरावा माझ्या पेनाखाली गेला असता. बाईंनी ते अंगणातच स्वतःच्या कानानं ऐकायला हवं, आणि ऐकणारा दुसरा साक्षीदारही तिथंच बसलेला हवा.

---

रेवती_लिहिते

मग तसंच करते. बाई ठाण्यात जातात, जबाबात 'आम्ही' बघतात, आणि रायटरशी वाद घालतात की तो 'आपण' म्हणाला होता. काका, एक पात्र वाढलं. तुम्हाला घेऊ का कथेत?

---

माजी_रायटर

घ्या. म्हातारा दाखवलात तरी चालेल. टक्कल मात्र नको, अजून आहेत. आणि त्याच्या तोंडी 'सदर' घालू नका, आम्ही ते फक्त लिहितो.

---

चिंच_बोरं

म्हणजे माझी कळशी कुणालाच नको.